तारेची किंमत आणि सुराची पारख

घरी बसून चांगले संगीत ऐकण्याची हौस ही तशी निर्व्यसनी हौस समजली जाते. तिच्यापायी कोणाला इजा होत नाही, प्रकृतीला अपाय होत नाही आणि घरातील माणसेही फारशी कुरकुर करीत नाहीत. आमच्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात आणि शेजारच्या मिरजेत तंबोरे व सतारी घडविणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. साहजिकच या भागातील अनेक घरांत एखादा जुना रेकॉर्डप्लेअर, कॅसेटींनी भरलेले कपाट किंवा अलीकडची स्टिरिओ यंत्रणा आढळते. परंतु प्रत्येक हौसेच्या मागे एक बाजार उभा राहतो, आणि बाजार उभा राहिला की ‘पुरेसे’ हा शब्द हळूहळू मागे पडतो. अ‍ॅम्प्लिफायर घेऊन झाला, स्पीकर घेऊन झाले, की ग्राहकाला विकण्याजोगी एकच वस्तू उरते. ती म्हणजे या दोघांना जोडणारी तार.

विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात जाड तांब्याची दुहेरी तार मीटरला शे-दीडशे रुपयांत मिळते. हेच काम करणारी, पण रेशमी वेष्टणातील, सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांची आणि मखमली पेटीत ठेवलेली तार काही हजारांपासून काही लाखांपर्यंत कितीही किमतीला मिळते. ती जोडल्यावर सूर अधिक खुलतो, वाद्ये एकमेकांपासून सुटी ऐकू येतात, गायक जणू समोर येऊन बसतो, असे विकणारे सांगतात. विशेष म्हणजे विकत घेणारेही मनापासून तसेच सांगतात. हे खरे आहे काय, आणि आपलाच कान साक्षीदार असताना ते ठरवायचे कसे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु गेल्या वर्षी तो आमच्या गल्लीत आला तेव्हा त्याच्या पोटात एक मुदत ठेव, एक जुनी मैत्री आणि आपल्या धर्मातील एका मोठ्या तत्त्वाचा अर्थ, एवढे सारे दडलेले निघाले.

आमचे शेजारी तात्या हे निवृत्त मुख्याध्यापक. वयाने माझ्याहून चार वर्षांनी वडील. सकाळी मंदिर, दुपारी स्वाध्याय आणि संध्याकाळी दोन तास गाणे, असा त्यांचा नेम. किराणा घराण्याच्या गायकीवर त्यांचे विशेष प्रेम. त्यातही गायकाइतकेच त्यांचे लक्ष मागे चाललेल्या तंबोऱ्याकडे असते. एका मोठ्या शहरातील विक्रेत्याने त्यांना स्पीकरच्या तारांची एक जोडी पंधरा दिवसांच्या बोलीवर दिली होती. किंमत 38,000 रुपये. पसंत पडल्यास उरलेल्या सर्व जोडण्यांच्या तारा आणि विजेची खास केबल धरून संपूर्ण संच 1,40,000 रुपयांना पडणार होता. तात्या माझ्याकडे आले ते मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजात किती घट येईल, हे विचारायला.

“भाऊसाहेब, तंबोऱ्याची जवारी परत आली हो!” ते म्हणाले. “दोन वर्षे ती कुठे हरवली होती कोण जाणे. ही तार लावली आणि पहिल्याच झटक्यात ऐकू आली.”

तात्यांचा चेहरा पाहून नुसता व्याजाचा हिशेब करून देणे मला जमेना. मी एवढेच म्हटले, “तात्या, पंधरा दिवस आहेत ना हातात? ठेव मोडण्याआधी तारेचाही थोडा हिशेब करू.”

तो हिशेब अवघड नाही. स्पीकरचा विद्युत्‌रोध साधारणतः 8 ओहम धरला जातो. अडीच चौरस मिलीमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे 0.007 ओहम असतो. तात्यांच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायरपासून प्रत्येक स्पीकर तीन मीटरवर. जाणे-येणे मिळून सहा मीटर तांबे, म्हणजे सुमारे 0.042 ओहम. आठ ओहमांपुढे हा आकडा जवळजवळ अर्ध्या टक्क्याचा. आवाजाच्या भाषेत ही घट 0.05 डेसिबलहूनही कमी भरते, आणि नेहमीच्या ऐकण्यात माणसाला जो फरक जेमतेम जाणवतो तो एक डेसिबलच्या आसपासचा असतो. सर्वोत्तम, अगदी शून्य रोधाची तार मिळाली असे गृहीत धरले, तरी ती या अर्ध्या टक्क्यापलीकडे काही वाचवू शकत नाही. जिथे बुडीत रक्कमच चार आण्यांची आहे, तिथे वसुलीवर लाख रुपये खर्च करण्यात अर्थ नसतो.

चांदी तांब्याहून अधिक वीजवाहक आहे हे खरे, पण ती सहा-सात टक्क्यांनीच. तांब्याची तार तेवढीच थोडी जाड घेतली की काम भागते. सोने तर तांब्याहून कमी वाहक आहे. टोकांना त्याचा मुलामा देतात तो सोने गंजत नाही, काळे पडत नाही म्हणून. कोकणासारख्या दमट हवेत त्याचा उपयोग निश्चित आहे. तथापि तो मुलामा इतका पातळ असतो की त्यासाठी फार मोजण्याचे कारण नाही, आणि साधी टोके वर्षातून एकदा पुसून घट्ट बसविली तरी तेच साधते. काही स्पीकर-तारांवर ‘या दिशेने जोडा’ असा बाण छापलेला असतो. आवाजाचा विद्युत्‌प्रवाह मात्र एकाच दिशेने वाहत नाही. तो सेकंदाला वीस वेळांपासून वीस हजार वेळांपर्यंत मागे-पुढे होत असतो. त्याला बाण दाखवून काय उपयोग? संगणकाकडून किंवा डिस्कप्लेअरकडून आकड्यांच्या रूपात येणाऱ्या ध्वनीचे तर आणखी निराळे. आकडे पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. तार सदोष असेल तर आवाज तुटतो, खरखरतो किंवा बंद पडतो. तो ‘थोडा कमी मधुर’ होत नाही. आणि विजेची खास केबल? वीज मंडळाच्या तारांतून कित्येक किलोमीटर आणि घराच्या भिंतींतील जुन्या वायरिंगमधून कित्येक मीटर प्रवास करून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये शुद्ध होते, असे मानायला बरीच श्रद्धा लागते.

याचा अर्थ तार कशीही चालते असा नाही. विजेच्या दिव्यांच्या माळेसारखी अर्ध्या चौरस मिलीमीटरची बारीक तार पंधरा मीटर लांब ओढली, तर तिचा जाण्या-येण्याचा रोध एक ओहमच्या पुढे जातो आणि तेवढ्याने खरोखरच आवाज दबतो. शिवाय स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला सारखा नसल्यामुळे अशा तारेने स्वरांचा समतोलही थोडा ढळतो. रेकॉर्डप्लेअरच्या सुईतून निघणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. तिथे बाहेरून जाळीचे संरक्षण असलेली चांगली तार आणि नीट अर्थिंग नसेल, तर गाण्यामागे सतत घुमणारा आवाज येतो. म्हणून लांबीच्या मानाने पुरेशी जाडी, योग्य तिथे संरक्षक जाळी आणि घट्ट, स्वच्छ जोड एवढे पाहणे आवश्यक आहे. या तिन्ही गोष्टी काही शे रुपयांत मिळतात. त्यापुढची किंमत कानासाठी नसते.

तात्यांनी माझे आकडेमोडीचे कागद लक्षपूर्वक वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “हिशेब बरोबर असेल. पण आकडे कागदावर आणि गाणे कानात. तुम्हांला फरक ऐकू येत नसेल, मला येतो. आपला धर्म अनेकान्त सांगतो ना? तुमचे तुमच्या जागी खरे, माझे माझ्या जागी.”

हे वाक्य मला तारेच्या किमतीपेक्षा अधिक लागले, कारण ते मी आजवर अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. दोघांचे मतभेद झाले की अनेकान्ताचे पांघरूण घालायचे आणि विषय मिटवायचा, अशी आपल्याकडे एक सवय होऊन बसली आहे. परंतु ‘कोणीही काहीही म्हटले तरी ते त्याच्या जागी खरे’ असे अनेकान्त म्हणत नाही. वस्तू अनेक धर्मांची आहे, म्हणून तिच्याविषयी बोलताना आपण कोणत्या अपेक्षेने, कोणत्या नयाने बोलत आहोत ते स्पष्ट सांगा, असे तो म्हणतो. ‘स्यात्’ हा शब्द ढिलाईचा नाही, काटेकोरपणाचा आहे. तात्यांच्या म्हणण्यात दोन विधाने एकत्र गुंफलेली होती. ‘ही तार लावून ऐकताना मला आनंद झाला’ हे एक, आणि ‘तारेने आवाज बदलला’ हे दुसरे. पहिले तात्यांच्या अनुभवाचे विधान आहे. ते त्यांनी सांगितले की सिद्ध झाले. त्यात मला बोलण्याचा अधिकार नाही. दुसरे विधान मात्र तारेविषयी आणि हवेतून कानाशी येणाऱ्या ध्वनीविषयी आहे. जैन दर्शनाने शब्दाला आकाशाचा गुण न मानता पुद्गलाचा पर्याय मानले, म्हणजे ध्वनीला भौतिक वस्तूंच्या पंक्तीत बसविले. भौतिक वस्तूविषयीच्या विधानाची परीक्षा झालीच पाहिजे.

तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत, त्या आपल्या वाचकांना परिचित आहेतच : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. इंद्रियाला विषयाचे पहिले भान होते तो अवग्रह. हे अमुक असेल काय, अशी जाणून घेण्याची चेष्टा ती ईहा. मग निर्णय तो अवाय. आणि तो स्मरणात टिकतो ती धारणा. दुसऱ्या पायरीवरून उडी मारून थेट तिसरीवर गेले तर काय होते, याचे महाग तार हे सुरेख उदाहरण आहे. तार लावणाऱ्याला ती महाग असल्याचे ठाऊक असते, ती आत्ताच बदलली हेही ठाऊक असते. तो अधिक सावध होऊन, अधिक प्रेमाने ऐकतो. तेच गाणे सावध होऊन ऐकले की त्यात पूर्वी न जाणवलेले काही ना काही सापडतेच. सापडलेले असते खरे, पण त्याचे श्रेय जाते तारेला.

आणि हे केवळ आपल्यासारख्या हौशी माणसांचे होते असे नाही. 2010 मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे व्हायोलिनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली असताना क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. 21 अनुभवी वादकांना दिसू नये असे चष्मे घालून मंद उजेडाच्या खोलीत सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी होती आणि तीन जुनी. जुन्यांपैकी दोन स्ट्रॅडिव्हरी आणि एक ग्वार्नेरी, म्हणजे ज्यांच्या किमती आपल्याकडील कोटींच्या हिशेबातल्या. सर्वांत जास्त पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला, आणि सर्वांत नापसंत ठरलेले व्हायोलिन स्ट्रॅडिव्हरीचे होते. ज्यांचे आयुष्य त्या वाद्यावर गेले त्यांचीही ही स्थिती. तारांच्या बाबतीतही 2007 मध्ये जेम्स रँडी या चमत्कारांची परीक्षा घेणाऱ्या प्रसिद्ध गृहस्थांनी, हजारो डॉलर किमतीची स्पीकरची तार डोळ्यांनी न पाहता, केवळ ऐकून ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती परीक्षा अखेर झालीच नाही आणि रक्कम तशीच राहिली.

परीक्षा म्हटले की आपल्याकडे तो अविश्वास समजला जातो. तात्यांनाही क्षणभर तसे वाटले. तेव्हा मी त्यांना बँकेच्या तिजोरीची गोष्ट सांगितली. तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते आणि त्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. त्या दोघांपैकी कोणी चोर आहे अशी बँकेची समजूत नसते. एकट्याच्या हाती सारे असले, की उद्या काही कमी-जास्त झाल्यास त्याच्या प्रामाणिकपणाला साक्षीदार उरत नाही. दुसरी किल्ली पहिल्या माणसाचे रक्षण करते. न पाहता ऐकण्याची परीक्षा ही कानाची दुसरी किल्ली आहे. आणि परीक्षेचे वावडे आपल्या परंपरेला कधीच नव्हते. समन्तभद्राचार्यांनी ‘आप्तमीमांसे’च्या आरंभी प्रत्यक्ष आप्ताचीच मीमांसा मांडली. देवांचे आगमन, आकाशगमन, चामरे इत्यादी वैभव मायावी लोकांपाशीही दिसते, तेव्हा केवळ त्यावरून थोरवी ठरत नाही, अशी त्यांची भूमिका. जिथे आचार्यांनी चामरे पुरावा म्हणून स्वीकारली नाहीत, तिथे मखमली पेटी आम्ही का स्वीकारावी?

तात्या मुळात शिक्षक. ‘परीक्षा’ हा शब्द त्यांना अखेर रुचला, आणि त्यांनीच तिचे नियम कडक केले. त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला नातू तारा बदलणार. प्रत्येक वेळी नाणे उडवून कोणती तार लावायची ते ठरवणार आणि वहीत नोंद करणार. अ‍ॅम्प्लिफायर व तारा चादरीखाली झाकलेल्या. आवाजाच्या बटणाला कागदी पट्टी चिकटवलेली, म्हणजे पातळी हलणार नाही. तार बदलेपर्यंत आम्ही दोघे बाहेर व्हरांड्यात. नातवाचा चेहरा पाहून अंदाज येऊ नये म्हणून आम्ही आत येण्यापूर्वी त्याने मागल्या दाराने निघून जायचे. ऐकायचा तुकडा एकच, तात्यांच्या आवडत्या आलापाची पहिली दोन मिनिटे, जिथे तंबोरा स्पष्ट आहे. कान थकू नयेत म्हणून दोन रविवारी आठ-आठ, अशा एकूण 16 फेऱ्या. नुसत्या नाणेफेकीच्या अंदाजाने 16 पैकी 12 किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारांहून कमी असते, म्हणून 12 बरोबर आली तर तात्या जिंकले, असे आधीच लिहून ठेवले. दुसऱ्या बाजूला माझ्या घरातील अडीच चौरस मिलीमीटरची साधी तार होती.

प्रारंभी दोन्ही तारा उघडपणे लावून ऐकल्या. तात्यांना फरक लख्ख जाणवला. खोटे कशाला सांगू, मखमली पेटी समोर उघडी असताना मलाही किंचित जाणवल्यासारखे झाले. मग चादर पडली. तिसऱ्याच फेरीत तात्यांनी माझा हात दाबला आणि कुजबुजले, “ही पाहा, ही जवारी!” त्यांनी कागदावर ‘महाग’ असे ठळक अक्षरांत लिहिले. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी वही आणि कागद समोरासमोर ठेवले तेव्हा कळले, की तिसऱ्या फेरीत साधी तार होती. 16 पैकी तात्यांची नऊ उत्तरे बरोबर आली, माझी सात. नाणे उडवून याहून फारसे वेगळे काही हाती लागले नसते.

या निकालाचा अर्थही ‘स्यात्’ लावूनच सांगितला पाहिजे. जगातील कोणत्याही दोन तारांत कधीच फरक नसतो, असे त्यातून सिद्ध झाले नाही. त्या खोलीत, त्या दोन तारांत, आमच्या दोघांच्या कानांना फरक ओळखता आला नाही, एवढेच सिद्ध झाले. परंतु 1,40,000 रुपये त्याच खोलीसाठी आणि त्याच कानांसाठी खर्च व्हायचे होते. त्यामुळे निर्णयाला तेवढे पुरेसे होते. ठेव मोडली गेली नाही.

त्यानंतर चार-पाच दिवस तात्या संध्याकाळी फिरायला आले नाहीत. परीक्षा घेणे सोपे असते. नापास झालेल्या मित्राला भेटणे अवघड असते. सहाव्या दिवशी ते स्वतःच आले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, तार खोटी ठरली हे मान्य. पण दोन वर्षांपूर्वी मला जवारी ऐकू यायची आणि नंतर येईनाशी झाली, हे तर खोटे नाही ना? ती गेली कुठे?”

खरा प्रश्न हा होता. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेत उमटणारे असंख्य सूक्ष्म वरचे स्वर. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या एखाद्या कारागिराच्या दुकानात बसून पाहावे. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकते तिथे तो सुताचा एक साधा धागा सरकवतो. धागा केसभर मागे-पुढे झाला की मुका वाटणारा तंबोरा झंकारू लागतो. ज्याची किंमतही कोणी मोजत नाही असा तो धागा सुरात केवढे अंतर पाडतो, आणि ते ओळखायला परीक्षा लागत नाही, लहान मुलालाही कळते. हे वरचे स्वर ऐकण्याची कानाची शक्तीच वयोमानाने प्रथम उणावते. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ या व्यंजनांचा स्पष्टपणाही त्याच वरच्या पट्टीत असतो. त्यामुळे माणूस ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाही’ अशी तक्रार करू लागतो. तात्या गेल्या चातुर्मासात प्रवचनाला सर्वांत पुढे बसू लागले होते आणि काकू टीव्हीच्या आवाजावरून वर्षभर बोलत होत्या, हे तेव्हा सर्वांना एकदम आठवले.

कानाच्या डॉक्टरांकडे अर्ध्या तासात तपासणी झाली. आलेखाची रेघ दोन्ही कानांत 3,000 हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी सपाट चालली आणि पुढे उतरणीला लागली. तात्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. कानात यंत्र घालायला त्यांचे मन महिनाभर तयार होईना. माणूस चष्मा लावताना लाजत नाही, पण श्रवणयंत्राला म्हातारपणाचा शिक्का समजतो. अखेर पर्युषणाच्या आधी त्यांनी ते घेतले. पहिले काही दिवस ताटे-भांड्यांचा खणखणाट आणि वर्तमानपत्राची सळसळ त्यांना असह्य झाली. डॉक्टरांनी यंत्र दोन-तीनदा जुळवून दिले, संगीतासाठी त्यात निराळी व्यवस्था लावून दिली. पूर्वीची जवारी जशीच्या तशी परत आली, असे तात्या म्हणत नाहीत. ते आता बोलताना नय सांभाळतात. “पुष्कळ परत आली,” असे म्हणतात. प्रवचन मात्र पाचव्या रांगेतूनही कळते.

ज्यांना घरच्या संगीतावर थोडा खर्च करायचा आहे अशा वाचकांसाठी या सर्व खटाटोपातून निघालेला क्रम सांगतो. आधी कान तपासून घ्यावे, विशेषतः साठीनंतर. मग खोलीकडे पाहावे. उघड्या भिंती, फरशी आणि काचा यांवरून आवाज परतत राहतो. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि पुस्तकांनी भरलेले एखादे कपाट यांनी त्यात मोठा फरक पडतो. खोलीच्या आकारामुळे खर्जाच्या काही स्वरांत जागेजागी दहा डेसिबलचा आणि त्याहूनही जास्त चढ-उतार होऊ शकतो, तारेच्या 0.05 डेसिबलशी त्याची तुलना करून पाहावी. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा, स्पीकर कानाच्या उंचीवर असावेत. एवढे बिनपैशाचे उपाय करून झाल्यावर पैसे उरलेच, तर ते स्पीकरवर खर्च करावेत. तार पुरेशा जाडीची असली की तिचा विचार थांबवावा.

‘थांबवावा’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तूच्या संख्येवर ठरविलेले नाही, मूर्च्छेवर ठरविलेले आहे. कोणाकडे महाग यंत्रणा आहे एवढ्याने तो परिग्रही ठरत नाही आणि स्वस्त यंत्रणा असलेला आपोआप निर्मोही होत नाही. पण तारांच्या बाजारात एक गोष्ट हटकून घडते. माणूस गाणे ऐकायला बसतो आणि तार ऐकू लागतो. या सुरात काही कमी तर नाही ना, पुढची तार घेतली तर ते भरून निघेल काय, या विचारात समोरचा आलाप संपून जातो. परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा आधी ठरवायची असते ती याचसाठी असावी. ‘पुरेसे’ हा शब्द बाजाराने ठरवायचा नसून आपण ठरवायचा असतो.

ती 38,000 रुपयांची जोडी मुदतीत परत गेली आणि विक्रेत्याने बोलीप्रमाणे पैसे दिले. तात्यांच्या खोलीत त्या दिवसापासून माझी साधी तारच आहे. मी ती परत मागितली नाही आणि त्यांनीही तो विषय काढलेला नाही. परवा संध्याकाळी गेलो तेव्हा आलाप सुरू होता. तात्या डोळे मिटून बसले होते, आणि नातवाने बटणावर चिकटवलेली कागदी पट्टी अजून तशीच होती.